गाजर गवत, कोळंबी आणि अधिहर्षता



'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1906 साली रूढ केला. मराठीत तिला अधिहर्षता म्हणतात. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणा एखाद्या एरवी निरुपद्रवी पदार्थालाच शत्रू समजते, आणि या लढाईत इजा होते ती शरीरालाच. हा मानलेला शत्रू रासायनिक दृष्ट्या नेमका कोण, याचा शोध बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, जीवरसायनशास्त्र विभागात, डॉ. पी. व्ही. सुब्बा राव यांनी अनेक वर्षे घेतला. त्यांच्या अभ्यासाचे दोन विषय मराठी माणसाच्या नित्य परिचयाचे आहेत : गाजर गवत आणि कोळंबी.

गाजर गवत मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातले. पुण्यात ते नजरेत भरल्यावर 1956 साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. पुढे ते दख्खनभर पसरले. शेतात खुरपणी करणाऱ्यांच्या हातांवर, मानेवर व पापण्यांवर खाजरे चट्टे उठू लागले. पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. अरविंद लोणकर यांनी ब्रिटन व कॅनडातील सहकाऱ्यांसह या त्वचाशोथाचे वर्णन 1974 साली प्रसिद्ध केले. बेंगळुरूच्या मोकळ्या जागाही याच तणाने भरल्या होत्या. तेथे या तणाच्या सान्निध्यात वावरणाऱ्या माणसांवरील सुब्बा राव यांचा अभ्यास 1977 साली प्रसिद्ध झाला.

या तणाचे वैशिष्ट्य असे की, ते माणसाला दोन वाटांनी छळते. त्याच्यातील पार्थेनिन हे लहानसे रसायन त्वचेतील प्रथिनांना चिकटते; मग टी-लसिकापेशी जाग्या होतात आणि एकदोन दिवसांनी चट्टे उमटतात. दुसरी वाट परागकणांची. त्यांतील प्रथिने श्वासावाटे आत गेली की, आय-जी-ई नावाच्या प्रतिपिंडामुळे काही मिनिटांतच शिंका सुरू होतात व नाक वाहू लागते. म्हणूनच चाचण्याही भिन्न : पहिलीसाठी त्वचेवर पट्टी चिकटवून दोन दिवस थांबावे लागते, तर दुसरीसाठी सुईने किंचित टोचले की पाव तासात गांधी उठते.

गाजर गवताचे परागकण जड आणि चिकट; ते रोगाला काय कारण होणार, असा समज होता. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या बेंगळुरूच्या पाहणीने तो खोटा ठरवला. नासाशोथाच्या रुग्णांपैकी 34 टक्के आणि दम्याच्या रुग्णांपैकी 12 टक्के लोकांच्या त्वचेने या परागाला प्रतिसाद दिला. 1996 साली त्या परागातील प्रमुख प्रथिनाची ओळखही पटली.

कोळंबीची कथा वेगळी. कोळंबी खाऊन अंगावर पित्त उठले की, ती शिळी असावी किंवा कच्ची राहिली असावी, असे घरात म्हटले जाते. मग पुढच्या वेळी ती अधिक शिजवतात, आणि तरीही ओठ सुजतात. सुब्बा राव यांनी अमेरिकेतील डीन मेटकाफ यांच्या सहकार्याने कोळंबीतील उष्णतेला दाद न देणारे पदार्थ वेगळे केले. 1993 साली त्यांतील प्रमुख घटक ट्रोपोमायोसिन हे स्नायूंतील प्रथिन असल्याचे सिद्ध झाले. उकळूनही त्याचा गुण जात नाही. म्हणजे दोष स्वयंपाकाचा नव्हता. खेकडा, शेवंड, झुरळ आणि घरातील धुळीतल्या माइट यांच्यातही त्याच्याशी मिळतेजुळते प्रथिन असते. म्हणून कोळंबीने त्रास होणाऱ्याने वैद्यकीय सल्ल्यावाचून खेकड्याचा प्रयोग करू नये. श्वास कोंडला, तर ते प्राणावर बेतू शकते.

प्रयोगशाळेतील या शोधांनी गाजर गवत नाहीसे झाले नाही. 1984 साली बेंगळुरूमध्ये मेक्सिकन भुंगेरे सोडण्यात आले. ते पावसाळ्यात त्याची पाने फस्त करतात, तरीही तण पुन्हा उगवतेच. कोळंबी न खाण्याचे पथ्य पाळता येते. पण रोजंदारीवर खुरपणाऱ्या बाईला गाजर गवताचे पथ्य कसे पाळता येणार? ते फुलण्यापूर्वी, हात झाकून, मुळासकट उपटले पाहिजे, आणि हे काम सगळ्या गावाने मिळून करायचे आहे. रोगाचे कारण अचूक सांगणे एवढे विज्ञानाचे काम बेंगळुरूत झाले आहे. उरलेले बांधावरचे आहे.