दुष्काळातील तुकोबा

सृष्टीचा नियंता परमेश्वर आहे, असे सुगीच्या दिवसांत म्हणणे फारसे कठीण नसते. परंतु इसवी सन १६३० च्या सुमारास पर्जन्याने पाठ फिरविल्यामुळे दख्खनची गावेच्या गावे अन्नावाचून ओस पडली, तेव्हा ज्यांच्या घराण्यात महाजनकी आणि सावकारी चालत आली होती त्या देहूच्या तुकोबांवर या श्रद्धेच्या कसोटीचा प्रसंग ओढवला. पत्नी भुकेने गेली, व्यापाराचे दिवाळे निघाले, जनांत तोंड दाखविणे लाजिरवाणे झाले. हे सारे त्यांनी आपल्या अभंगांत निःसंकोचपणे नमूद केले आहे.

त्यानंतर त्यांनी जे केले ते मला अत्यंत मननीय वाटते. भंगलेल्या विठ्ठलमंदिराचा जीर्णोद्धार त्यांनी हाती घेतला; आणि परंपरा सांगते, की धाकट्या बंधूंचा वाटा त्यांच्या हवाली करून आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली, म्हणजे दुष्काळाने नागविलेल्या कुळांमागचा वसुलीचा तगादा कायमचा मिटविला. ज्या निसर्गाने घर उद्ध्वस्त केले, त्याच्याविषयी त्यांच्या मनात कटुता उरली नाही. भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसून त्यांनी झाडापाखरांशी आप्ताचे नाते जोडले. ईश्वरावरील भरवसा म्हणजे दुःखाचा इन्कार नव्हे, हे इतक्या प्रांजळपणे सांगणारा दुसरा साक्षीदार मला ठाऊक नाही.

श्रोत्यांनी तुकोबांचे हे आत्मचरित्रपर अभंग गाथेतून अवश्य मुळातूनच वाचावेत.