बेंबी कोरडी, बाळ सुखरूप



आज विषय पिकाचा नाही, आपल्या बेंबीचा आहे. हसू नका. संध्याकाळी बनियन काढली की बेंबीत कापसाची बारीक गोळी सापडते. कापूस वेचला नसला तरी सापडते, कारण ती बनियनच्याच सुताची असते. पोटावरच्या केसांना बारीक खवले असतात. ते कापडाला घासून तंतू सोडवतात आणि बेंबीकडे ओढत नेतात. व्हिएन्नाच्या एका रसायनशास्त्रज्ञाने स्वतःच्या बेंबीतल्या ५०३ गोळ्या जमवून हे २००९ मध्ये मांडले. सगळ्या मिळून एक ग्रॅमही भरल्या नाहीत. छंद एकेकाचा!

ही गोळी अपाय करीत नाही. पण आपल्या कन्हानकडे शेतातली धूळ आणि खाणींचा कोळसा, त्यात घाम. खोल बेंबीत हे सारे ओले राहिले की वास येतो, कातडी चिघळते. म्हणून आंघोळीच्या वेळी साबणाचे बोट फिरवा, पाणी घाला आणि पंच्याच्या टोकाने कोरडी करा. हे शेवटचे काम बहुतेकांचे राहून जाते. काडीने किंवा काट्याने कोरू नका. पू आला तर डॉक्टरांना दाखवा. साखरेचा आजार असेल तर त्याच दिवशी.

मोठ्यांचे एवढ्यावर भागते. तान्ह्या बाळाचे तसे नाही. त्याची बेंबी म्हणजे ताजी जखम. तिच्यावर राख, हळद, तेल, शेण लावण्याची चाल काही घरांत अजून आहे. आजीबाईंचा हेतू चांगलाच असतो. पण शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि ते नाळेतून शिरले की बाळ दूध ओढेनासे होते, ताठरते. नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे भारताने २०१५ मध्ये जाहीर केले. ते गरोदरपणातल्या लसीमुळे आणि स्वच्छ बाळंतपणामुळे. मातीतले जंतू मात्र आहेत तिथेच आहेत.

तेव्हा सूनबाईला गरोदरपणी धनुर्वाताची लस चुकवू देऊ नका. बाळंतपण दवाखान्यात करा. नाळेला काही लावू नका, बांधू नका. लंगोट बेंबीच्या खाली ठेवा. एक-दोन आठवड्यांत ती आपोआप वाळून गळते, ओढू नका. बेंबीभोवती लाली, पू, घाण वास दिसला किंवा बाळ दूध पिईना, तर सकाळची वाट पाहू नका. १०२ नंबरवर फोन करा. गाडी फुकट येते.