पलटणीची माणसे
(माजी सैनिक मेळावा, महाळुंगे : स्वागताध्यक्षीय भाषण)

माजी सैनिकांच्या मेळाव्यात व्यासपीठावर जे होते त्याहून मांडवाच्या कडेला जे होते ते मोलाचे असते. एका पलटणीतले दोघे भेटले की आधी कंपनी विचारली जाते, मग सुभेदारसाहेब कोण होते ते, आणि मग जो आज हयात नाही त्याचे नाव निघते. मराठा लाइट इन्फंट्रीत ४ फेब्रुवारी हा दिवस पलटणीचा सण मानतात. १६७० साली सिंहगड सर झाला, त्याची ती आठवण.

लढाईहून परतलेल्या माणसाचे दुखणे घरच्यांना दिसते, कळत नाही. फटाका वाजला की दचकणे, रात्र रात्र जागणे, मध्येच भडकणे आणि मग दिवसभर अबोला. पहिल्या महायुद्धात याला ‘शेल शॉक’ म्हणत आणि पुष्कळदा भित्रेपणात काढत. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर तणावविकार म्हणून त्याची नोंद केली ती १९८० मध्ये. औषधपाणी आणि समुपदेशन लागतेच. मेळावा त्यांची जागा घेत नाही. मात्र डिसेंबर १९७१ मध्ये पहिल्या मराठा बटालियनबरोबर जमालपूरला लढलेल्याला जे बायकोमुलांना सांगता येत नाही, ते शेजारच्या मोर्चातल्या माणसाला सांगावेच लागत नाही.

शरीराच्या जखमांचेही तसेच. खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये १९७४ पासून मज्जारज्जूला इजा झालेले जवान एकत्र राहतात. चाकाच्या खुर्चीवर बास्केटबॉल खेळतात; ज्यांचे हात चालत नाहीत त्यांतले काही तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक आणले. पुढे टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडले.

महाळुंगे-चाकणच्या एमआयडीसीत कंपनीच्या गेटवर ट्रकचा गेटपास तपासणारा माणूस पुष्कळदा फौजीच असतो. कोणी ‘मेस्को’ या माजी सैनिक महामंडळामार्फत लागलेला, कोणी ठेकेदाराकडून. गेटवर तो ‘सिक्युरिटी’. हवालदार म्हणून त्याला हाक मारणारे शिफ्टमध्ये कोणी नसते. बारा तास उभे राहून जोडीदाराशी बोलायचे राहूनच जाते. सैन्यात असताना सुट्टी मिळत नव्हती, इथेही मिळत नाही, हा विनोद या पट्ट्यात सगळ्यांना पाठ आहे.

अशा सर्वांचे, त्यांच्या कुटुंबांचे आणि वीरपत्नींचे महाळुंग्यात स्वागत आहे. शाल-श्रीफळ अर्ध्या तासात आटोपण्याचे ठरले आहे. पुढाऱ्यांची भाषणे त्यातच बसवली आहेत. जेवण बडाखान्याच्या रीतीने, म्हणजे हुद्दा न पाहता एका पंगतीत. बसण्याची सोय पलटणीप्रमाणे आहे, आणि दिवसपाळी सुटून येणाऱ्यांसाठी रात्री नऊला दुसरी पंगत ठेवली आहे.