गाण्याचे सर शोधताना

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या कौटुंबिक मेळाव्यात सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी हा विषय दिला तेव्हा म्हणाले, "मॅडम, दर जूनमध्ये आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न येतो, मुलीला गाणं शिकवायचंय, कोणी चांगले सर माहीत आहेत का? तुम्ही तीस वर्षं गाणं शिकवलंत, तर एकदा सगळ्यांना मिळून उत्तर देऊन टाका." आधीच सांगते, मी आता नवीन विद्यार्थी घेत नाही. तेव्हा ही माझ्या क्लासची जाहिरात नाही, निर्धास्त ऐका.

आठवड्यातून दोन दिवस, फी भरून, ठरल्या वेळी गाणं शिकायचं, हे आज आपल्याला साधं वाटतं. सव्वाशे वर्षांपूर्वी गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं आणि त्यांची मर्जी होईल तेव्हा जे मिळेल ते घ्यायचं. आपल्या कुरुंदवाडला जन्मलेल्या पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेले वर्ग असं शिक्षण सर्वसामान्य घरांसाठी खुलं केलं. पुण्यात भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली भारत गायन समाज स्थापन केला. या मंडळींमुळे गाणं तुमच्या-माझ्या घरात आलं. आणि तेव्हापासून शिक्षक निवडायची जबाबदारीही आपल्यावर आली. ती आपण कशी पार पाडतो? ग्रुपवर विचारतो, जवळचा क्लास बघतो, फी बघतो आणि नाव घालून मोकळे होतो. भाजी घेताना यापेक्षा जास्त चौकशी करतो आपण!

पहिला प्रश्न घरातच विचारा : नेमकं काय शिकायचंय? "पेटी, कीबोर्ड, पियानो, सगळं एकच हो, पट्ट्या सारख्याच," असं मला पुष्कळदा ऐकायला मिळतं. पट्ट्यांची मांडणी सारखी आहे, हात सारखा नाही. पेटीत डावा हात भात्यावर असतो आणि उजव्या हाताने वाजवायचं असतं. पियानोत दोन्ही हात दोन वेगवेगळी कामं करतात आणि बोट किती जोराने पडलं त्यावर आवाज लहान-मोठा होतो. पूर्ण पियानोला ८८ पट्ट्या असतात. आपण मुलांना आणून देतो त्या कीबोर्डला बहुधा ६१, त्याही हलक्या. पहिलं वर्ष त्यावर निघतं, पण पुढे पियानोच शिकायचा असेल तर वजनदार पट्ट्यांचं डिजिटल वाद्य लागतं. खर्च मोठा आहे, म्हणून आधीच कोणालातरी विचारा. आणि पेटीवर गाणी बसवून देणारे सर पियानो शिकवतीलच असं धरून चालू नका. पियानोचं स्टाफ नोटेशन वाचायला शिकवतात का, हा एक प्रश्न विचारला तरी बराच उलगडा होतो.

आता शोधायचं कुठे? गाण्यासाठी आपल्या गावातल्या संगीत मंडळाच्या कार्यक्रमांना जा. तिथे तबल्याच्या आणि पेटीच्या साथीला बसणाऱ्यांना विचारा. ही मंडळी दहा घरी साथीला जातात, कोण मन लावून शिकवतं हे त्यांना पक्कं माहीत असतं. पेट्या दुरुस्त करणाऱ्या कारागिरालाही विचारा. पियानोसाठी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्यांकडे किंवा पियानो लावून देणाऱ्यांकडे चौकशी करा. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सूर आणि नोटेशन शिकवलं गेलं. मुंबईच्या सिनेसंगीतातले कितीतरी वादक त्याच शिक्षणातून आले. ती परंपरा अजून बऱ्याच घरांत जिवंत आहे.

दोन-तीन नावं मिळाली की लगेच पैसे भरू नका. एक वर्ग बसून बघू द्या, असं सांगा. चांगला शिक्षक नाही म्हणत नाही. तिथे काय बघायचं ते सांगते.

एक, शिक्षक मुलाचा आवाज आधी ऐकतात का? बायकांचा सूर साधारण काळी चार-काळी पाचच्या आसपास असतो, पुरुषांचा काळी एकच्या आसपास, पण हा ढोबळ हिशेब झाला. प्रत्येक गळ्याची पट्टी वेगळी. पंचवीस जणांना एका पट्टीत सरसकट गायला लावलं तर काहींचे गळे ताणले जातातच. गाऊन आल्यावर मुलाचा घसा दुखत असेल, आवाज बसत असेल, तर "सवय होईल" म्हणून सोडून देऊ नका. शिक्षकांशी बोला.

दोन, साधा गुणाकार-भागाकार करा. तासाभराच्या वर्गात तीस मुलं असली तर एकेकाच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. समूहात गायला मजा येते, लहान मुलांची भीती मोडते, त्याला माझा विरोध नाही. पण आठवड्यातून एकदा तरी मुलाला एकट्याने गाता आलं पाहिजे आणि चुकलेला स्वर तिथल्या तिथे कोणीतरी सांगितला पाहिजे.

तीन, चूक कशी सांगतात ते ऐका. "हा गंधार थोडा खाली गेला, पुन्हा घे," हे शिकवणं झालं. "तुझा गळाच नाही," यात शिकण्यासारखं काय आहे?

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे. संबंधित घराची परवानगी घेतली आहे. आपल्याच सोसायटीतला एक मुलगा लहानपणी फार सुरेख गायचा. गणेशोत्सवात त्याचं गाणं झाल्याशिवाय कार्यक्रम संपायचा नाही. तेराव्या वर्षी त्याचा आवाज फुटायला लागला. त्या वयात मुलग्यांचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब होतात, आवाज खाली उतरतो आणि काही महिने ताब्यात राहत नाही. हे निसर्गाचं काम आहे. पण तो ज्या क्लासला जात होता तिथे त्याला जुन्याच पट्टीत गायला लावलं आणि जमेना तेव्हा सगळ्यांदेखत सांगितलं की तुझं गाणं संपलं. मुलाने ते खरं मानलं. पुढे सात-आठ वर्षं त्याने घरात गुणगुणलंसुद्धा नाही. आई सांगत होती, टीव्हीवर गाणं लागलं की उठून आत जायचा. त्याला कोणी एवढंच सांगितलं असतं की पट्टी खाली घे, हळू गा, वर्षभर थांब, तर ती वर्षं गेली नसती. कॉलेज संपताना एका मित्राच्या आग्रहाने तो पुन्हा शिकायला बसला. आज तो खालच्या पट्टीत छान गातो. पण गेलेली वर्षं कोण भरून देणार? म्हणून ज्यांच्या घरी बारा-तेरा वर्षांचा मुलगा आहे त्यांनी शिक्षकांना हा प्रश्न विचाराच : आवाज फुटेल तेव्हा तुम्ही काय करता? उत्तर तयार असेल तर बिनधास्त पाठवा.

आता परीक्षा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण आणि मग विशारदची दोन वर्षं, असा क्रम आहे. पियानोला ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम यांच्या आठ ग्रेड असतात. परीक्षा असाव्यात. मुलांना मुक्काम दिसतो, अभ्यासाला शिस्त येते. पण वर्षभर परीक्षेचे तेवढेच राग घोटून घेतले आणि प्रमाणपत्र भिंतीवर लागलं, तर घरी पाहुणे आल्यावर मूल गायला नकार देतं, हे आपण पाहतोच. "परीक्षेव्यतिरिक्त काय शिकवता?" असंही विचारा.

फीचं बोलणं मोकळेपणाने करा. महिन्याची की तासांवर, सुट्टी घेतली तर तो तास भरून मिळतो का, परीक्षेची फी वेगळी का, घरी येऊन शिकवणार असतील तर जाण्यायेण्याचं काय. आपल्याकडे एक गंमत आहे. नळ दुरुस्त करणाऱ्याला मागेल तेवढे पैसे देतो आणि गाण्याच्या बाईंशी घासाघीस करतो, वर म्हणतो, विद्या विकायची नसते! अहो, त्यांनाही मेंटेनन्स भरावा लागतो.

आणखी एक, थोडं अवघड पण बोललंच पाहिजे. शिक्षक किती नावाजलेले का असेनात, लहान मुलांचा वर्ग बंद दाराआड नको. सुरुवातीचे काही महिने आई, बाबा, आजी, कोणीतरी तिथे बसा. खऱ्या शिक्षकाला त्याचा राग येत नाही. शिवाय बसणाऱ्यालाही चार सरगम येतात, घरी रियाज करून घेता येतो.

आणि रियाज म्हणजे काय? लहान मुलांना रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे, पण रोज. रविवारी दोन तास बसवून तो हिशेब जमत नाही. तीन महिने द्या. टीव्हीवरच्या स्पर्धेत सात वर्षांची मुलं गातात ते बघून शिक्षकांना "आमची कधी?" असं विचारू नका.

मोठ्या माणसांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. आपल्या एक आजी साठी उलटल्यावर पेटी शिकायला लागल्या. संध्याकाळी आरतीला साथ करतात, आता तर सगळे त्यांच्या पट्टीत गातात! वय झालेल्यांनी शिक्षकांना एवढंच सांगायचं, मला परीक्षा नको, आनंद हवा. शिकवायची पद्धत त्याप्रमाणे बदलणारे शिक्षक मिळतात.

शेवटी सोसायटीसाठी एक सूचना मांडते, अध्यक्षांनी वार्षिक सभेत घ्यावी. हे सभागृह दुपारी चार ते सहा रिकामं असतं. आठवड्यातून दोन दिवस ते रियाजाला द्या. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे किंवा बोर्डाची परीक्षा आहे त्यांना त्रास होणार नाही आणि ज्या मुलांच्या घरी जागा नाही त्यांना बसायला जागा मिळेल. दार उघडं राहील आणि येणारे-जाणारे ऐकतील.

आणि वरच्या मजल्यावरून तोच पलटा चाळिसाव्यांदा ऐकू आला, तर बेल वाजवायच्या आधी एवढं आठवा की पंचवीस वर्षांत आपण सगळ्यांच्या ड्रिलिंगचे आवाज ऐकले आहेत. त्यापेक्षा हा आवाज दर महिन्याला थोडा सुधारतो.