छप्पर नसणे हा गुन्हा नव्हे
(सीमाभागातील कार्यकर्ता मेळाव्यातील भाषण)



बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद भागातला मजूर पावसाने दगा दिला की मुंबई, पुणे, हैदराबादची वाट धरतो. तिथे हाताला काम मिळते, छप्पर मिळत नाही. म्हणून फुटपाथवर झोपणारा आम्हांला परका नाही.

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईतील फुटपाथवासीयांना हटवून मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. पत्रकार ओल्गा टेलिस व काही फुटपाथवासी न्यायालयात गेले. नोटिशीविना अतिक्रमण हटवू देणाऱ्या महापालिका कायद्याच्या कलम ३१४ ला त्यांचे आव्हान होते. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पाच सदस्यांच्या घटनापीठाने जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे मान्य केले. पण कलम ३१४ वैध ठरवले. फुटपाथ अडवण्याचा हक्क कुणालाच नाही, असेही सांगितले. एरवी नोटीस द्यावी, आणि ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळाभर, कुणाला हटवू नये, एवढा दिलासा मिळाला. तत्त्व जिंकले, निवारा राहून गेला.

मुंबईच्या १९५९ च्या भीकबंदी कायद्यात तर उपजीविकेचे साधन न दिसता सार्वजनिक जागी वावरणाराही भिकारी ठरतो. हाच कायदा दिल्लीत लागू होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी भीक मागणे गुन्हा ठरवणारी त्यातील कलमे दिल्लीपुरती रद्द केली. उलट अमेरिकेत ग्रँट्स पास या गावाने उघड्यावर पथारी टाकणाऱ्यांना दंड लावला, आणि २८ जून २०२४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो उचलून धरला. न्यायालयाचा आधार हवाच, पण त्यावरच विसंबून चालणार नाही.

कर्नाटकातही १९७५ चा भीकबंदी कायदा आहे. त्याखाली घरपट्टीवर ३ टक्के उपकर घेतला जातो. म्हणजे निराश्रितांच्या नावाने आपण सारेच पैसे भरतो. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने दर लाख वस्तीमागे १०० जणांच्या निवाऱ्याचे प्रमाण घालून दिले होते.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. बिदर आणि कलबुर्गीत जमलेल्या उपकराचा हिशेब जाहीर करा. या प्रमाणात बसस्टँड आणि रेल्वे स्टेशनजवळ निवारे उभारा. नोटीस आणि पर्यायी जागा दिल्याशिवाय कुणाची पथारी उचलू नका.

प्रत्येक शाखेने हे निवेदन लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. पुढे न्यायालयात जायची वेळ आली, तर तीच पोच कामी येईल.