गांवाबाहेरचें घर

(नभोवाणीवरील भाषण)



ज्या जिल्ह्यांत एका चौरस किलोमीटरांत सरासरी ७४ माणसें राहतात, त्या जिल्ह्यांत घर बांधावयास जागा मिळत नाहीं असें कोणी म्हणालें, तर आपणांस हसूं येईल. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें गडचिरोली जिल्ह्याचें क्षेत्र १४,४१२ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या १०,७२,९४२. त्याच वर्षीं मुंबई उपनगर जिल्ह्यांत एका चौरस किलोमीटरांत वीस हजारांहून अधिक माणसें राहत होतीं. असें असूनहि आरमोरीसारख्या तालुक्याच्या गांवीं एखाद्या शिक्षकास, कारकुनास किंवा परिचारिकेस घरापुरती निर्वेध जागा शोधतां शोधतां वहाणा झिजवाव्या लागतात. हें मी पुस्तकांतून नव्हे, स्वतःच्या वहाणांवरून सांगतों.

गेल्या महिन्यांत माझी एक जुनी विद्यार्थिनी घरीं आली. ती आतां स्वतः शिक्षिका आहे. म्हणाली, "गुरुजी, गांवाबाहेर एक प्लॉट दाखविला आहे. दुसरीकडच्या निम्म्या भावानें देतात. घ्यावा काय?" त्या एका प्रश्नाचें उत्तर मला चार शब्दांत देतां येईना, म्हणून आज तें आपल्यापुढें जरा विस्तारानें मांडतों.

प्रथम जागा कोठें गेली तें पाहूं. जिल्ह्याचा सुमारें तीन चतुर्थांश भाग वनाखालीं आहे. उरलेल्या भागांत धानाच्या बांध्या, मालगुजारांच्या काळचे तलाव, नद्या, नाले आणि गांवठाणें. आरमोरी हें वैनगंगेच्या पूर्वतीरावरील गांव. नागपुराहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी या वाटेनें येणारा रस्ता येथें नदी ओलांडून गडचिरोलीकडे वळतो. कोसा, म्हणजे टसर रेशीम, यासाठीं या गांवाचें नांव दूरवर गेलेलें आहे. रानांत ऐनाच्या झाडांवर किडे राखून कोसे काढणारा ढिवर आणि त्या सुताचें कापड विणणारा कोष्टी, अशा दोघांच्या हातांवर तें नांव उभें राहिलें. अशा गांवांतील घर केवळ निजावयाचें ठिकाण नव्हतें. मातीच्या जाड भिंती, वर कवेलूंचें छप्पर, पुढें ओसरी, मागें परस. ओसरीवर धान, परसांत वाल आणि भोपळा, आंत माग. घर हेंच शेताचें कोठार आणि तोच कारखाना.

परंतु भाऊ वेगळे झाले, एका ओसरीच्या तीन ओसऱ्या झाल्या, आणि जुनें गांव अपुरें पडूं लागलें. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरांतून गडचिरोली जिल्हा निराळा झाला. त्यानंतर कचेऱ्या, शाळा, बँका वाढल्या आणि त्यांच्याबरोबर परगांवचे नोकरदार आले. गेल्या दशकांत आरमोरीची ग्रामपंचायत जाऊन तेथें नगर परिषद झाली. वडसा–गडचिरोली रेल्वेच्या तर नुसत्या वार्तेनें शेतांचे भाव चढले. आज रस्त्यानें जातां जातां आपणांस काय दिसतें? काल धान उभें होतें त्या बांधींत पांढऱ्या चुन्याच्या रेघा, कोपऱ्यांवर सिमेंटचे खुंट, आणि वाटेच्या तोंडाशीं एक फलक. फलकावर एखाद्या देवाचें नांव आणि त्यापुढें 'नगर' हा शब्द. देव तेथें आहे कीं नाहीं हें मी सांगूं शकत नाहीं. नगर मात्र नसतें, एवढें खात्रीनें सांगतों.

आतां माझी गोष्ट. तिला वीस वर्षें होत आलीं. आम्ही तेव्हां भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतों. आईनें सत्तरी ओलांडली होती. तिचें मागणें एकच: मरण्यापूर्वीं स्वतःच्या अंगणांत तुळस लावावी. चैत्रांत एका दलालानें मला एक प्लॉट दाखविला. जमीन सपाट, माती काळीभोर, वारा मोकळा, किंमत निम्मी. मी पावलांनीं जागा मोजीत असतां जाळें खांद्यावर टाकलेला एक वृद्ध ढिवर बांधावर थांबला आणि म्हणाला, "भाऊ, हे जमीन त्याची नाही न् तुमचीबी नाही. हे पान्याची आहे." मला वाटलें, याला खरेदीविक्रीच्या व्यवहारांतलें काय कळतें! पत्नीच्या बांगड्या मोडल्या, भविष्यनिर्वाह निधींतून कर्ज काढलें आणि मीं जागा घेतली.

श्रावणांत पाहावयास गेलों तों प्लॉटांत गुडघाभर पाणी. शेजारच्या बांधींतला शेतकरी रोवणी करीत होता. त्यानें मोठ्या सौजन्यानें माझ्याहि जागेंत चार पेंढ्या लावूं का म्हणून विचारलें. पुढें बँकेकडे गृहकर्जासाठीं गेलों तेव्हां दुसरें सत्य कळलें. जमीन कागदोपत्रीं अजून शेतीचीच होती. अकृषिक परवानगी कोणी घेतलीच नव्हती. कर्ज मिळालें नाहीं. दलाल मिळाला नाहीं. पैसे परत मिळाले नाहींत. आणखी सहा वर्षांनीं जुन्या वस्तीजवळ, दुप्पट भावानें, निम्म्या आकाराची जागा घेऊन आम्हीं घर बांधलें. त्या अंगणांत तुळस आहे. ती लावण्यास आई राहिली नव्हती.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. मध्य प्रदेशांत अतिवृष्टि झाली, गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले, आणि ब्रह्मपुरी तालुक्यांतलीं नदीकाठचीं गांवें पाण्यानें वेढलीं. पूर ओसरतां ओसरतां मी माझी जुनी जागा पाहावयास गेलों. सिमेंटचे खुंटहि दिसत नव्हते. त्या ढिवराचें म्हणणें मला त्या दिवशीं पुरतें समजलें.

या अनुभवानें मला एक सूत्र शिकविलें, तें असें: जागा स्वस्त असेल तर ती कां स्वस्त आहे, हें आधीं शोधून काढावें. स्वस्ताई म्हणजे बहुधा पुढें फेडावयाचें देणें असतें. कधीं तें देणें पाण्याचें असतें, कधीं कागदाचें, आणि कधीं शेजाराचें.

पाण्याची परीक्षा वर्षांतून दोन वेळां करावी, श्रावणांत आणि वैशाखांत. श्रावणांत जागा बुडते काय हें पाहावें, आणि वैशाखांत शेजारच्या विहिरीला किती पाणी उरतें तें पाहावें. दलाल जागा नेहमीं माघापासून चैत्रापर्यंत दाखवितात, यांत कांहीं योगायोग नाहीं. आरमोरीस वैनगंगा आहे, तशी गाढवीहि आहे. मोठ्या नदीला पूर आला म्हणजे लहान नद्यांचें व नाल्यांचें पाणी तुंबून मागें फिरतें. म्हणून नदी दूर आहे एवढ्यावर निर्धास्त राहूं नये. जुनीं गांवें बहुधा उंचवट्यावर वसलेलीं असतात, तीं उगीच नव्हेत. आणि ज्यांचा चरितार्थ पाण्यावर चालतो, त्यांना पाण्याची वाट मोजणीदारापेक्षां अधिक ठाऊक असते.

कागदाची परीक्षा त्याहून कठीण. पुष्कळांचा समज असा कीं, खरेदीखत नोंदलें गेलें म्हणजे जागा आपली झाली. वस्तुतः निबंधकाच्या कचेरींत दस्ताची नोंद होते. विकणाऱ्याचा मालकीहक्क खरा आहे याची हमी तेथें कोणी देत नाहीं. म्हणून सात-बारा पाहावा, जुने फेरफार पाहावेत, आणि धारणाधिकार भोगवटादार वर्ग १ आहे कीं वर्ग २, हें वाचावें. वर्ग २ ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवांचून विकतां येत नाहीं. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर जमीन महसूल संहितेचीं, १९६६ च्या कायद्याचीं, कलमें ३६ व ३६-अ आडवीं येतात. अशी जमीन बिगर-आदिवासीस जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीवांचून देतां येत नाहीं. हीं कलमें कोणी आपल्या गैरसोयीसाठीं लिहिलेलीं नाहींत. थोड्याशा कर्जापायीं आणि कोऱ्या कागदावरील अंगठ्यापायीं पुष्कळ आदिवासी कुटुंबें आपल्या शेतांना मुकलीं, म्हणून हा कायदा झाला. दुसऱ्याला निराधार करून उभारलेलें घर आपणांस आधार देईल, ही आशा मुळांतच खोटी आहे.

पूर्व विदर्भांत आणखी एक शब्द सात-बारावर शोधावा लागतो: 'झुडपी जंगल'. मालगुजारीच्या काळीं गुरें चारण्यासाठीं व सरपणासाठीं राखलेल्या खुरट्या झुडपांच्या या जमिनी. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांत त्यांच्यावर घरें, शाळा, कचेऱ्या कित्येक वर्षें उभ्या राहत गेल्या. २२ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, झुडपी जंगल हें वनच होय. १२ डिसेंबर १९९६ पूर्वीं दिलेल्या जमिनींना नियमित होण्याची वाट न्यायालयानें ठेविली. त्यानंतरच्या वाटपांची मात्र कसून चौकशी व्हावी असें सांगितलें. डोळ्यांना जें माळरान दिसतें, तें कायद्याच्या दृष्टीनें अरण्य असूं शकतें, हें घेणाऱ्यानें ध्यानांत धरावें.

यावर कोणी म्हणेल कीं पुढें सरकार सर्व नियमित करितेंच. होय, करितें, परंतु केव्हां? राज्यभर अशा बेकायदा प्लॉटांची इतकी दाटी झाली कीं २००१ सालीं गुंठेवारीचा अधिनियम करावा लागला, आणि पुढें त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठीं वाढवावी लागली. मधल्या काळांत एका पिढीनें नालीवांचून, नळावांचून दिवस काढले. १ मे २०१७ पासून स्थावर संपदेचा कायदा पुरता अमलांत आहे. त्याप्रमाणें नियोजन क्षेत्रांत ५०० चौरस मीटरांहून मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकावयाचे तर महारेराकडे नोंदणी करावी लागते. तो नोंदणीक्रमांक विचारण्यांत भीड कसली? भाजी घेतांना आपण दहा वेळां घासाघीस करितों, आणि जन्माची पुंजी देतांना मात्र संकोचतों!

तिसरी परीक्षा शेजाराची. १९१५ सालीं मुंबईस गांवदेवीला सारस्वत मंडळींनीं सहकारी गृहसंस्था काढली. इंग्लंडांत एबेनेझर हॉवर्ड यांनीं १८९८ सालीं उद्याननगराची कल्पना मांडली आणि १९०३ सालीं लेचवर्थ येथें ती वसूं लागली. हॉवर्ड यांचा मुख्य मुद्दा बागांचा नव्हता. जमीन सर्वांच्या वतीनें राखावी, म्हणजे वस्ती वाढल्यानें जी किंमत चढते ती वस्तीच्याच कामीं येईल, असा तो होता. आपल्या ले-आउटांत ती चढती किंमत दलालाबरोबर निघून जाते, आणि मागें राहतात एकमेकांस अनोळखी असे प्लॉटधारक. जुन्या गांवाला तलाव होता, पार होता. तीं कामें एकट्याचीं नव्हतीं. मंजूर नकाशांत मोकळी जागा सोडलेली असते. ती कोणी राखली नाहीं तर प्रथम तेथें कचरा पडतो, मग कोणाचें कुंपण सरकतें.

आमच्या वस्तींत आरंभीं बारा घरें होतीं. पहिल्या पावसाळ्यांत आम्ही प्रत्येकजण आपापल्या फाटकापुढें मुरूम टाकीत होतों आणि आपलें पाणी शेजाऱ्याकडे लोटीत होतों. दुसऱ्या वर्षीं कोणाला तरी सुचलें. बाराजणांनीं मिळून एकच नाली नाल्यापर्यंत खणली. मोकळ्या जागेंत कडुनिंब लावले. ब्रह्मपुरी-आरमोरीकडे उन्हाळ्यांत पारा ४७ अंशांच्या आसपास जातो. सिमेंटच्या सपाट छताखालीं दुपार काढणें म्हणजे काय, हें ज्यानें अनुभविलें असेल त्याला त्या निंबांचें मोल सांगावयास नको. कवेलू सोडतांना आम्हीं त्यांतलें शहाणपणहि सोडलें होतें. तें झाडांच्या सावलीच्या आणि चुन्याच्या पांढऱ्या हाताच्या रूपानें थोडेंबहुत परत आणलें.

असो. त्या मुलीला मीं काय उत्तर दिलें, तें सांगून थांबतों. मी म्हणालों, "बाळ, आज इसार देऊं नकोस. सात-बारा, नकाशा आणि अकृषिक आदेश यांच्या नकला माग. जमीन आधीं कोणाची होती, तें विचार. आणि श्रावणांत एक दिवस ये. चिखल तुडवीत आपण दोघें ती जागा पाहूं. त्या बाजूस जाळें टाकणारा कोणी भेटला, तर त्यालाहि विचारूं."

ती थोडी हिरमुसली. श्रावणापर्यंत प्लॉट राहणार नाहीं, असें दलालानें तिला बजावलें होतें. मलाहि त्या वेळीं असेंच बजावलें होतें.