विश्वाचा आरंभ आणि ताऱ्यांचे जीवन
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा संक्षिप्त पाठ)



पाठशाळेत जाणारी मुले आज एक प्रश्न विचारतात. शास्त्रात लोक अनादि-अनिधन सांगितला आहे. शाळेच्या पुस्तकात मात्र विश्व १३८० कोटी वर्षांपूर्वी सुरू झाले, असे लिहिले आहे. मग खरे काय मानायचे? याला आपण बहुधा दोनपैकी एक उत्तर देतो. विज्ञान रोज बदलते, तिकडे लक्ष देऊ नये, हे एक. आणि हे सारे आपल्या शास्त्रात आधीच आहे, हे दुसरे. दोन्ही उत्तरांत प्रश्न टाळला जातो आणि मुलांना ते कळते. म्हणून विज्ञान नेमके काय म्हणते, ते प्रथम पाहू.

१९२९ साली एडविन हबल यांनी दाखवून दिले की, दीर्घिका आपल्यापासून जितक्या दूर, तितक्या अधिक वेगाने त्या दूर जात आहेत. प्रसरण पावणारे विश्व पूर्वी अधिक दाट आणि अधिक तप्त असले पाहिजे, असा विचार त्यातून पुढे आला. १९६५ साली पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी सारखेच येणारे मंद प्रारण सापडले. त्याचे तापमान उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना मोकळा झालेला हा प्रकाश आहे. पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन, हेलियम आणि किंचित लिथियम एवढेच तयार झाले.

येथे एक मर्यादा लक्षात ठेवावी. विश्व एकेकाळी अतितप्त व अतिदाट होते, एवढे हा सिद्धांत पुराव्यानिशी सांगतो. त्यापूर्वी काही होते की नव्हते, याविषयी विज्ञानाकडे आज निश्चित उत्तर नाही. ‘शून्यातून सारे निर्माण झाले’ असे विधान महास्फोटाच्या नावावर खपवणे योग्य नव्हे.

विश्वाला आदि नाही, असे मानणारेही मोठे शास्त्रज्ञ होऊन गेले. १९४८ साली फ्रेड हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. पुढे कोल्हापूरचे सुपुत्र डॉ. जयंत नारळीकर हॉइल यांचे सहकारी झाले आणि २०२५ साली निधन होईपर्यंत महास्फोटाविषयीच्या आपल्या शंका त्यांनी निर्भयपणे मांडल्या. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी पुराव्याचा कौल महास्फोटाच्या बाजूने मानला. परंतु मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात कशी घडतात, हे १९५७ साली ज्या चौघांनी सविस्तर मांडले, त्यांत हॉइल होते. एका प्रश्नावर मागे पडलेल्या विचारवंताने दुसऱ्या प्रश्नावर चिरस्थायी सत्य दिले. प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून का घ्यावे, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

ताऱ्यांचे हे जीवनचक्र हिवाळ्याच्या आकाशात एकाच भागात पाहता येते. मृग नक्षत्रातील तेजोमेघात वायू व धूळ गुरुत्वाकर्षणाने आकसून नवे तारे जन्म घेत आहेत. कृत्तिका हा तरुण ताऱ्यांचा पुंज. त्यांचे वय सुमारे १० कोटी वर्षे. आपला सूर्य प्रौढ, ४६० कोटी वर्षांचा. त्याच्या गाभ्यात प्रतिसेकंदास सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम होते आणि त्यातील ४० लाख टनांहून अधिक वस्तुमानाची ऊर्जा होते. आणखी सुमारे ५०० कोटी वर्षांनी तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल. रोहिणी आज त्या अवस्थेत आहे. शेवटी सूर्याचा श्वेत बटू उरेल, जसा व्याधाचा साथी.

श्वेत बटूचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून अधिक असू शकत नाही, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० च्या सुमारास गणिताने दाखविले. मृगातील काक्षीसारख्या महाकाय ताऱ्याचा शेवट वेगळा. त्याच्या गाभ्यात लोखंड साचले की संमीलनातून ऊर्जा मिळेनाशी होते, गाभा कोसळतो आणि तारा स्फोटात उधळतो. मागे न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर उरते. वृषभ राशीतील असा स्फोट १०५४ साली चीनमधील निरीक्षकांनी नोंदवून ठेवला आहे.

आज सुवर्णमहोत्सव आहे, म्हणून सुवर्णाची कथाही सांगतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी टिपल्या गेल्या आणि अशा टकरींत सोन्यासारखी जड मूलद्रव्ये घडतात, याचा पुरावा मिळाला. अशा लहरींचा वेध घेणाऱ्या वेधशाळेला आपल्या हिंगोली जिल्ह्यात २०२३ साली केंद्राची मंजुरी मिळाली आहे.

आता आपल्या दर्शनाकडे वळू. सत् म्हणजे उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य यांनी युक्त असे, ही उमास्वातींची व्याख्या आपण जाणतो. तारा मावळतो, पुद्गल राहते, त्यातून नवा तारा उगवतो. ही दृष्टी ताऱ्यांचे जीवन समजून घेण्यास साहाय्य करते. परंतु ती तत्त्वदृष्टी आहे. तिच्यातून सूर्याचे वस्तुमान मोजता येत नाही. जंबूद्वीपात दोन सूर्य आणि दोन चंद्र असल्याचे शास्त्रवर्णन आजच्या निरीक्षणांशी जुळत नाही, हेही मुलांपासून लपवू नये. अनेकांत म्हणजे सगळेच बरोबर, असे नव्हे. कोणते विधान कोणत्या अपेक्षेने केले आहे, हे तपासणे म्हणजे अनेकांत. शिवाय सत्य हे आपले व्रत आहे. धर्माच्या अभिमानापोटी केलेली अतिशयोक्तीही त्या व्रताला बाधक ठरते. अहिंसा आणि अपरिग्रह यांचे मोल महास्फोट खरा की खोटा यावर अवलंबून नाही.

विश्वस्तांना एकच विनंती. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या आपल्या घरांना रात्रीचा वेळ मोकळा मिळतो. दर हिवाळ्यात एका रात्री पाठशाळेची मुले गावाबाहेरच्या अंधारात न्यावीत आणि त्यांना मृग, कृत्तिका, रोहिणी दाखवावीत. त्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न ऐकून घ्यावा. ज्याचे उत्तर ठाऊक नसेल, तेथे ‘ठाऊक नाही’ असे सांगावे. जो धर्म प्रश्नांना भीत नाही, तोच पुढची पन्नास वर्षे मुलांच्या मनात टिकेल.

जय जिनेंद्र.